अमेरिकेत सैन्यातल्या भाडेकरूला मुदतीआधी लीज मोडता येते का? तारखा, कागद आणि वादाचे मुद्दे

दर्यावर्दी

नॉरफोक, सॅन डिएगो, किलीन अशा लष्करी तळांच्या गावांत घर घेऊन भाड्याने देणारे मराठी लोक आहेत. दुसरीकडे आपल्यातली काही मुलं आर्मी-नेव्हीत आहेत आणि स्वतः भाड्याने राहतात. दोन्ही बाजूंचा प्रश्न एकच असतो: बदलीची ऑर्डर आली की लीजचं काय? व्हॉट्सअॅपवर याची उत्तरं उलटसुलट फिरतात, म्हणून हा धागा.

कायद्याचं नाव सर्व्हिसमेंबर्स सिव्हिल रिलीफ अॅक्ट. पुढे एससीआरए म्हणू. १९४० च्या जुन्या कायद्याच्या जागी तो १९ डिसेंबर २००३ ला आला. लीजचा भाग यूएस कोडच्या ५० व्या टायटलमध्ये, कलम ३९५५ मध्ये आहे. हा केंद्राचा कायदा, त्यामुळे पन्नासही राज्यांत लागू. लीजमध्ये 'मिलिटरी क्लॉज' असो वा नसो, हक्क मिळतोच.

लीज मोडता येते ती मुख्यतः तीन परिस्थितींत.

एक, लीजवर सही करताना माणूस सैन्यात नव्हता आणि लीज चालू असताना सैन्यात गेला.

दोन, सैन्यात असताना सही केली आणि *त्यानंतर* कायम बदलीच्या म्हणजे पीसीएसच्या ऑर्डर्स आल्या, किंवा ९० दिवस वा जास्त मुदतीच्या डिप्लॉयमेंटच्या, म्हणजे मोहिमेवर पाठवणीच्या, आल्या.

तीन, २०२० मध्ये कोविडच्या काळात आलेली भर: 'स्टॉप मूव्हमेंट' ऑर्डर. नव्या गावात घर ठरवलं, लीज झाली आणि वरून हुकूम आला की कोणी हलायचं नाही. असा हुकूम बेमुदत किंवा किमान ३० दिवसांचा असेल आणि त्यामुळे घरात राहायला जाताच येत नसेल, तर तीही लीज मोडता येते.

दुसऱ्या मुद्द्यातल्या 'त्यानंतर' या शब्दाकडे नीट बघा. ऑर्डर्स खिशात असताना नव्या लीजवर किंवा नूतनीकरणावर सही केली, तर त्याच ऑर्डर्स दाखवून ती लीज मोडता येत नाही. बदलीची कुणकुण लागली असेल तर वर्षाचं नूतनीकरण करू नका, महिना-महिना तत्त्वावर राहा. भाडं थोडं चढं पडेल, तरी तेच स्वस्त.

---

सातपुडा

छान धागा. पण अंतराची अट राहिली. नवा तळ ३५ मैलांच्या आत असेल तर लीज मोडता येत नाही.

---

दर्यावर्दी

सातपुडा, ३५ मैल एससीआरएमध्ये कुठेही नाहीत. ती अट राज्यांच्या कायद्यांतली. व्हर्जिनिया आणि फ्लोरिडा या दोन्हीकडे आहे, म्हणून सगळ्यांच्या डोक्यात बसली आहे.

राज्याचा कायदा केंद्राच्या हक्कात भर घालू शकतो, त्यातून काही काढून घेऊ शकत नाही. म्हणून भाडेकरूने आधी एससीआरए बघावा. त्यात बसलं तर मैल मोजायचं कारणच नाही. नाही बसलं तर मग राज्याचा कायदा.

व्हर्जिनियाचं कलम ५५.१-१२३५ घ्या. ३५ मैलांपलीकडची पीसीएस आणि तीन महिन्यांहून मोठी तात्पुरती ड्यूटी त्यात आहेच. शिवाय सैन्यातून मोकळं होणं आहे, आणि सरकारी क्वार्टर्समध्ये राहायचा हुकूम होऊन घरभाडे भत्ता बंद होणं हेही आहे. शेवटचं कारण केंद्राच्या कायद्यात नाही. फ्लोरिडा (कलम ८३.६८२) आणखी पुढे जातं: सरकारी क्वार्टर्ससाठी पात्र ठरला आणि स्वतःहून तिकडे जायचं ठरवलं तरी चालतं. तात्पुरत्या ड्यूटीची मर्यादाही तिथे ६० दिवसांवर आहे.

---

झणझणीत

टेक्सासवाल्यांसाठी: तिथल्या प्रॉपर्टी कोडचं ९२.०१७. भाडेकरू किंवा त्याचं कुटुंब तळावरच्या घरात किंवा ३० मैलांच्या आतल्या दुसऱ्या घरात जाणार असेल, तर या कलमाखालचा हक्क सोडल्याचं लिहून घेता येतं. टेक्सासमधले मालक हे आवडीने घालतात आणि समजतात की काम झालं. पण त्याने सुटतो तो फक्त राज्याचा हक्क. एससीआरएचा सोडायला वेगळा कागद लागतो, त्याबद्दल कोणीतरी लिहाच.

आणि हे कलम मोडलं तर मालकावर बसतं काय? प्रत्यक्ष नुकसान, अधिक एक महिन्याचं भाडं, अधिक ५०० डॉलर, अधिक वकिलाची फी.

---

गोदाकाठ

लिहिते. कलम ३९१८. लीज मोडण्याचा हक्क सोडायचा तर तो लेखी हवा, मूळ लीजपासून *वेगळ्या* दस्तावर हवा, त्यातली अक्षरं किमान १२ पॉइंटची हवीत आणि सही सैन्यसेवेत असताना किंवा त्यानंतर झालेली हवी. लीजच्या चौदाव्या पानावर बारीक टायपात 'भाडेकरू एससीआरएचे हक्क सोडत आहे' असं वाक्य घुसवलं असेल तर त्याला काही किंमत नाही.

भाडेकरूंना एक सांगणं: लीजसोबत सह्यांसाठी येणाऱ्या गठ्ठ्यात एखादा सुटा, ठळक टायपातला कागद असेल तर तो हाच असू शकतो. त्यावर सही करायची सक्ती नाही. तळावरच्या लीगल असिस्टन्स ऑफिसात लीज आधी फुकट वाचून मिळते. तरी लोक सही करून मग जातात.

आता खरा पैशाचा प्रश्न. लीज संपते कधी? इथे दोन्ही बाजूंचा हिशेब चुकतो.

दरमहा भाडं असेल तर नियम असा: नोटीस पोचल्यानंतर *जो पुढचा भाड्याचा दिवस येतो*, त्यापासून ३० दिवसांनी लीज संपते. नोटिशीपासून ३० दिवस नव्हेत.

भाडं १ तारखेला देय आहे. नोटीस १८ जूनला हातात दिली. पुढचा देय दिवस १ जुलै, त्यात ३० मिळवले की ३१ जुलै. नोटीस ३० जूनला दिली तरी ३१ जुलैच. पण २ जुलैला दिली, तर पुढचा देय दिवस १ ऑगस्ट आणि लीज संपणार ३१ ऑगस्टला. दोन दिवसांच्या आळसाला एक महिन्याचं भाडं! महिनाअखेरीला ऑर्डर हातात पडली तर पॅकिंग राहू द्या, आधी नोटीस.

भाड्याचा दिवस १५ तारीख असेल तर १८ जूनच्या नोटिशीवर १५ जुलै अधिक ३०, म्हणजे १४ ऑगस्ट.

---

मिरीआलं

मग दर वेळी महिनाअखेरच येते ना? ३० दिवस म्हणजे एक महिनाच की.

---

गोदाकाठ

नाही येत, आणि मॅनेजरचं सॉफ्टवेअर इथेच फसतं. २० जानेवारीला नोटीस दिली. पुढचा देय दिवस १ फेब्रुवारी. फेब्रुवारी २८ दिवसांचा असेल तर ३० दिवसांनी ३ मार्च उजाडतो. म्हणजे मार्चचे तीन दिवस भाडेकरूच्या खात्यावर, पण फक्त तीनच. भाडं २,१७० डॉलर असेल तर मार्चचे ३१ दिवस धरून दिवसाला ७०, तीन दिवसांचे २१०. मॅनेजर अख्ख्या मार्चचं बिल लावतो, भाडेकरू म्हणतो फेब्रुवारीतच संपलं. दोघंही चूक. कायदा सांगतो की लीज संपण्याच्या तारखेपर्यंतचं भाडं दिवसांच्या प्रमाणात.

पुढचं भाडं आगाऊ भरलं असेल तर ते लीज संपल्यापासून ३० दिवसांत परत करायचं. हे डिपॉझिटपेक्षा वेगळं. डिपॉझिटची मुदत राज्य ठरवतं: कॅलिफोर्नियात २१ दिवस, टेक्सासमध्ये ३०, व्हर्जिनियात ४५. फ्लोरिडात काही कापायचं नसेल तर १५ दिवसांत परत, कापायचं असेल तर ३० दिवसांत तशी नोटीस.

---

तळेगाव२१

नोटीस ईमेलने चालते का? मालक पुण्यात आणि घर किलीनला असेल तर नोटीस कोणाला द्यायची?

---

दर्यावर्दी

मालकाला किंवा त्याच्या एजंटला, दोन्ही चालतं. लीजवर प्रॉपर्टी मॅनेजरचं नाव असेल तर त्याला दिली की मालकाला पोचली. 'मला पुण्यात काही कळलंच नाही' हा बचाव नाही. म्हणून दूर बसलेल्या मालकांनी मॅनेजरशी करार करतानाच घालून घ्यावं की अशी नोटीस आली की २४ तासांत स्कॅन करून पाठवायची.

पाठवण्याच्या रीती: हातोहात, खासगी कुरिअरने, किंवा पुरेसं टपाल लावून पोचपावतीसह यूएस मेलने. नंतरच्या दुरुस्तीने इलेक्ट्रॉनिक मार्गही आला. मालकाने दिलेला ईमेल पत्ता किंवा भाडेकरूंसाठीचं पोर्टल चालतं. साधा टेक्स्ट मेसेज टाकून 'मी चाललो' म्हणणं यावर मात्र भिस्त ठेवू नये.

टपालाच्या बाबतीत 'पोचली' म्हणजे पेटीत टाकली तो दिवस की हाती पडली तो, यावर वाद घालता येतो. महिनाअखेर जवळ असेल तर या वादात पडूच नका. ऑफिसात जाऊन हातात द्या, स्वतःच्या प्रतीवर तारीख-सही घ्या, तीच पीडीएफ त्याच दिवशी ईमेलही करा. सही द्यायला नकार दिला तर पोर्टलवर अपलोड करून स्क्रीनशॉट ठेवा.

नोटिशीसोबत ऑर्डर्सची प्रत हवीच. नुसती नोटीस अर्धीच धरतात. बहुतेक भांडणांचं मूळ हे असतं की नोटीस २५ तारखेला दिली आणि ऑर्डर्स पुढच्या महिन्यात. मग मालक दुसरी तारीख धरतो, आणि त्याचं फारसं चुकतही नाही.

---

सातपुडा

पण ऑर्डर्स छापून यायला उशीर होतो. आर्मीत आधी आरएफओ (रिक्वेस्ट फॉर ऑर्डर्स, म्हणजे ऑर्डर्स काढण्याची विनंती) येतो आणि अंमलबजावणीच्या ऑर्डर्स कित्येक आठवड्यांनी. मालक म्हणतो आरएफओ म्हणजे ऑर्डर नव्हे.

---

दर्यावर्दी

त्यावर इलाज कायद्यातच आहे. 'मिलिटरी ऑर्डर्स' या शब्दाच्या व्याख्येत अधिकृत ऑर्डर्स तर येतातच, शिवाय कमांडिंग ऑफिसरने सध्याच्या *किंवा पुढच्या* ड्यूटीबद्दल दिलेली कोणतीही लेखी सूचना, दाखला किंवा खातरजमा चालते. तेव्हा आरएफओवर हुज्जत न घालता कमांडरचं पत्र घ्या. युनिटच्या लेटरहेडवर नाव, हुद्दा, पीसीएस की डिप्लॉयमेंट, रिपोर्ट करायची तारीख, डिप्लॉयमेंट असेल तर 'किमान ९० दिवस' हे शब्द, आणि खाली सही. 'हा सैनिक लवकरच जाणार आहे' इतकंच लिहिलेलं मोघम पत्र परत येतं.

गोपनीय मोहिमेवर ऑर्डर्स दाखवता येत नाहीत, तिथेही हेच पत्र. ऑर्डर्सची प्रत देताना सोशल सिक्युरिटी नंबर आणि बाकीच्यांची नावं काळी करा. मालकाला त्यांची गरज नसते.

---

नॉरफोककर

मालकांच्या बाजूने थोडं. सगळे धागे भाडेकरूच्या हक्कांवर भरतात.

भाडेकरू खरंच सेवेत आहे का हे तपासायला संरक्षण खात्याच्या डीएमडीसीची एससीआरए साइट आहे. नाव आणि जन्मतारीख किंवा सोशल सिक्युरिटी नंबर टाकला की त्या तारखेचं सेवास्थितीचं प्रमाणपत्र मिळतं, फुकट. भाडं थकल्यावर कोर्टातून एकतर्फी निकाल घ्यायचा तर भाडेकरू सेवेत आहे की नाही याचं शपथपत्र लागतंच (कलम ३९३१). ते खोटं किंवा डोळे झाकून दिलं तर प्रकरण अंगाशी येतं.

लीज मोडल्याबद्दल दंड घेता येत नाही. पण आधीचं थकलेलं भाडं, थकलेलं पाणी-वीज बिल, वाजवीपेक्षा जास्त झालेली मोडतोड हे सगळं घेता येतं. भिंतीला पडलेलं भोक ऑर्डर्सनी बुजत नाही. आत जातानाचे आणि निघतानाचे फोटो ठेवा.

करायचं नाही ते असं: 'पुढच्या तीन महिन्यांचं भाडं' म्हणून डिपॉझिट अडकवणं किंवा सामान अडवणं. जाणूनबुजून केलं तर हा फौजदारी गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद.

---

अबोली_के

'पहिला महिना फुकट' अशी सवलत दिली असेल आणि लीजमध्ये 'मुदतीआधी गेल्यास सवलत परत' असं लिहिलं असेल तर?

---

नॉरफोककर

हेही मागू नका. अमेरिकेच्या न्याय विभागाची भूमिका अशी की लीज लवकर संपली *म्हणूनच* जी रक्कम देय होते, ती मुदतपूर्व दंडच, तिला सवलत-परतावा म्हणा नाहीतर आणखी काही. मोठ्या व्यवस्थापन कंपन्यांना या मुद्द्यावर पैसे परत करावे लागले आहेत. सैनिकी गावात सवलत द्यायचीच तर पहिल्या महिन्यात एकदम देऊ नका, बारा महिन्यांवर वाटून भाडंच कमी लावा. मग परत मागायचा प्रश्नच उरत नाही.

'६० दिवसांची नोटीस हवी' या लीजमधल्या कलमाचंही तेच. एससीआरएपुढे ते टिकत नाही.

मालकाला एक दार उघडं आहे: नोटिशीत दिलेल्या तारखेच्या *आधी* कोर्टात अर्ज केला तर न्यायाधीश अटींत फेरफार करू शकतो. पण त्याला सबळ कारण लागतं, आणि वकिलाची फी बहुतेक वेळा एका महिन्याच्या भाड्याला गिळते.

---

झणझणीत

थोडक्यात सैनिकांना घरच देऊ नये :)

---

नॉरफोककर

झणझणीत, स्मायली टाकली तरी सांगतो, कारण कोणीतरी हे खरं धरेल. फ्लोरिडा आणि कॅलिफोर्नियात सैन्यात असणं या कारणावरून घर नाकारणं हा बेकायदा भेदभाव आहे. आणि व्यवहार म्हणूनही चूक. घरभाडे भत्ता दर महिन्याला ठरलेला येतो आणि भाडं बुडवल्याची तक्रार कमांडपर्यंत गेलेली कोणत्याच सैनिकाला नको असते. तळाजवळ बदल्या उन्हाळ्यात जास्त होतात. लीज मे ते जुलैमध्ये संपेल अशी लावा, घर रिकामं राहण्याचा धोका कमी होतो.

---

मिरीआलं

कुटुंबाचं काय? लीजवर नवरा-बायको दोघांच्या सह्या असतील आणि ऑर्डर एकाच्याच नावाने असेल तर? आणि सोबत आई-बाबा राहत असतील तर?

---

गोदाकाठ

सैनिकाने लीज मोडली की त्याच्यावर अवलंबून असलेल्यांची जबाबदारीही संपते. पती किंवा पत्नी आणि मुलं त्यात आलीच. आई-बाबा तेव्हा येतात, जेव्हा आधीच्या १८० दिवसांत त्यांच्या खर्चाचा अर्ध्याहून जास्त भार सैनिकाने उचललेला असतो. आपल्याकडे आई-बाबांची नावं लीजवर 'राहणारे' म्हणून घालतात, तेवढ्याने काही बिघडत नाही. मात्र वडिलांनी सहभाडेकरू म्हणून सही केली असेल आणि त्यांची स्वतःची कमाई चांगली असेल, तर त्यांची जबाबदारी आपोआप सुटत नाही.

रूममेटचं तसंच. सैनिक मित्र गेला तरी सैन्यात नसलेला रूममेट लीजला बांधलेला राहतो आणि लीज 'संयुक्त व स्वतंत्र' जबाबदारीची असेल तर मालक पूर्ण भाडं त्याच्याकडे मागू शकतो. सैनिकासोबत घर घेणाऱ्याने खोलीनिहाय वेगळी लीज मागावी.

सैनिकाचा सेवेत मृत्यू झाला तर पती-पत्नी किंवा इतर अवलंबितांना एक वर्षाच्या आत लीज मोडता येते. ही भर २०१८ ची. गंभीर जखमी झाल्यास तसाच हक्क त्यानंतर जोडला गेला.

---

तळेगाव२१

कॉलेजातल्या मुलाने अपार्टमेंट घेतलं, पालक जामीनदार आणि तो मध्येच भरती झाला तर?

---

दर्यावर्दी

पहिली परिस्थिती, सरळ बसते. इथे बदलीची किंवा ९० दिवसांची अट नाही, सेवेत दाखल होणं पुरेसं. लीज संपली की जामीनदाराला पुढचं भाडं कशाचं? वाद कोर्टात गेलाच तर सैनिकाला मिळणारा दिलासा जामीनदारालाही देण्याची सोय कलम ३९१३ मध्ये आहे.

अडचण व्यवहाराची असते. बेसिक ट्रेनिंगला गेलेल्या मुलाच्या हातात फोन नसतो आणि नोटीस द्यायला कोणी उरत नाही. निघण्याआधी आई किंवा वडिलांच्या नावे पॉवर ऑफ अॅटर्नी करा. कलम ३९२० प्रमाणे असा प्रतिनिधी सैनिकाच्या वतीने पाऊल उचलू शकतो. भरतीच्या ऑर्डर्सच्या दोन प्रती घरी ठेवा.

नॅशनल गार्डवाल्यांनी (राज्यांचं राखीव सैन्य) मात्र ऑर्डरवरचा टायटल नंबर, म्हणजे ती यूएस कोडच्या कोणत्या भागाखाली निघाली तो आकडा, वाचावा. टायटल १० (थेट केंद्राची सेवा) असेल तर प्रश्न नाही. टायटल ३२ (राज्यपालांच्या हाताखालची सेवा) असेल तर राष्ट्रीय आणीबाणीसाठी, केंद्राच्या पैशाने आणि सलग ३० दिवसांहून जास्त असावी लागते. राज्यपालांनी पुरासाठी बोलावलेली 'स्टेट अॅक्टिव्ह ड्यूटी' एससीआरएमध्ये येत नाही. तिथे राज्याचा कायदा बघायचा.

---

सातपुडा

अवांतर: आपल्याकडे असं काही आहे का? पुण्यात, देवळालीत कितीतरी फौजी भाड्याने राहतात.

---

पेठकर

आपल्याकडे उलटी बाजू आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम २३ फौजी *मालकाला* मदत करतं. सेवेतल्या किंवा निवृत्त सैनिकाला स्वतः राहायला आपलं घर हवं असेल, तर दाखला जोडून सक्षम प्राधिकाऱ्याकडे झटपट पद्धतीने ताबा मागता येतो.

भाडेकरू सैनिकाला बदलीवर करार मोडायचा असेल तर सगळा भरवसा लिव्ह अँड लायसन्सच्या मजकुरावर. लॉक-इन सहा महिन्यांचं असेल आणि बदलीचा अपवाद लिहिला नसेल, तर मालक लॉक-इनचे पैसे मागतो. म्हणून नोंदणीआधीच एक वाक्य घालून घ्या: 'परवानाधारकाची बदली झाल्यास बदली आदेशाची प्रत देऊन एक महिन्याच्या लेखी सूचनेने, लॉक-इन काळातही, करार संपवता येईल.' एजंट म्हणेल ऑनलाइन फॉर्ममध्ये जागा नाही. इतर अटींच्या रकान्यात ते टाकता येतं.

---

अबोली_के

मूळ विषयाकडे. नोटिशीत नेमकं काय लिहायचं?

---

गोदाकाठ

एक पान पुरे. वर तारीख, मालकाचं किंवा एजंटचं नाव, घराचा पूर्ण पत्ता युनिट नंबरासह, लीजची तारीख. मग 'टायटल ५०, कलम ३९५५ खाली मी ही लीज संपवत आहे' असं स्पष्ट वाक्य. 'संपवू इच्छितो' किंवा 'विनंती करतो' नको, ही परवानगी मागणं नाही. मग कारण, सोबत जोडलेल्या ऑर्डर्सचा क्रमांक-तारीख, आणि हिशेबाने येणारी लीज संपण्याची तारीख स्वतःच लिहा. नाही लिहिली तर मॅनेजर त्याच्या सोयीची लिहील. शेवटी डिपॉझिट पाठवायचा पत्ता. परदेशी जाणार असाल तर आई-वडिलांचा किंवा एपीओ (लष्करी टपालाचा) पत्ता द्या, जुन्या घरी आलेला चेक परत फिरतो.

किल्ल्या लीज संपायच्या आत द्या आणि पावती घ्या. ३१ जुलैला लीज संपली आणि किल्ल्या ५ ऑगस्टला दिल्या, तर त्या पाच दिवसांवर एससीआरएचं छत्र नाही.

---

मिरीआलं

आणि इंटरनेट, केबल?

---

झणझणीत

कलम ३९५६. फोन, इंटरनेट, केबल, घराची अलार्म सेवा, सगळं दंडाशिवाय बंद करता येतं. अट एवढीच की ९० दिवस किंवा जास्त काळासाठी, ती सेवा जिथे पोचत नाही अशा जागी जायचं असावं. तिथेही लेखी सूचना आणि ऑर्डर्सची प्रत लागते. मोडेम परत करा आणि पावती सांभाळा, नाहीतर त्याचं बिल येईल.